रतीब आणि कस

१७२२च्या जूनमध्ये जर्मनीतल्या लाइप्झिग शहराचा संगीतप्रमुख योहान कुनाउ वारला आणि त्याच्या जागी कुणाला आणायचं याचा खल नगरपालिकेत सुरू झाला. काम मोठं होतं. शहरातल्या मुख्य चर्चमध्ये दर रविवारी आणि सणावारी गायक-वादकांचा ताफा घेऊन संगीत सादर करायचं, शिवाय सेंट थॉमस चर्चच्या शाळेतली मुलं गाण्यात तयार करायची. पहिली पसंती टेलेमानला होती. त्यानं लाइप्झिगचं बोलावणं हॅम्बुर्गच्या आपल्या मालकांपुढं ठेवलं, पगार वाढवून घेतला आणि तो तिथंच राहिला. मग ग्राउपनरला विचारलं. त्याला डार्मश्टाटच्या संस्थानिकानं सोडलं नाही. तेव्हा कुठं योहान सेबास्टियन बाखचा नंबर लागला.

तिघंही ढिगानं लिहिणारे. चर्चमधल्या उपासनेसाठी गायन आणि वाद्यवृंद मिळून वीस-पंचवीस मिनिटांची जी रचना करायची तिला कँटाटा म्हणतात. एकट्या ग्राउपनरनं अशा चौदाशेहून अधिक कँटाटा लिहिल्या. टेलेमानच्या सगळ्या रचना मिळून आकडा तीन हजारांच्या घरात जातो. बाखच्या रचनांची सूचीसुद्धा हजाराच्या पुढं आहे. आज बाख शिखरावर आहे, टेलेमान पाश्चात्त्य संगीताच्या रसिकांना ठाऊक आहे आणि ग्राउपनरचं नाव त्या रसिकांतही थोड्यांनीच ऐकलेलं असतं. तिघांचा काळ एक, देश एक, पेशा एक आणि लिहिण्याचा वेगही जवळपास सारखा. तरी तिघांची प्रतिष्ठा इतकी वेगळी कशी?

आपल्याकडे रसिकांच्या गप्पांत एक हिशेब ठरलेला असतो. जो मोजकं करतो तो अस्सल, जो भराभर करतो तो पाट्या टाकतो. संगीतकार सज्जाद हुसेन यांनी वीसभर चित्रपटही केले नाहीत, म्हणून ते थोर. अमक्यानं पाचशे केले, म्हणून तो कारखानदार. सज्जाद थोर होतेच, त्यात वाद नाही. पण ते कमी चित्रपटांमुळं थोर झाले नाहीत, आणि संख्येवरून माणसाला आधीच निकालात काढणं मला अन्यायाचं वाटतं. हा हिशेब तपासून बघायचा, तर लाइप्झिगमधला बाखचा आठवडा बघण्यासारखा आहे.

बाखची पहिली कँटाटा तिथं सादर झाली ३० मे १७२३ला, सेंट निकोलस चर्चमध्ये. नवा माणूस आपली ओळख करून देतोय हे तिच्यावरून कळतं: दोन भाग, एकूण चौदा प्रकरणं. पुढच्या रविवारी दुसरी. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी एक. सण धरले तर वर्षाला साठेक वेळा संगीत लागायचं. आठवड्याच्या सुरुवातीला रचना लिहायची, मग शाळेतली मुलं, घरातली माणसं बसून प्रत्येक गायकाचा आणि वादकाचा वेगळा कागद उतरवून काढणार, शनिवारी तालीम, रविवारी सकाळी सातला उपासना सुरू. बाखची त्या काळातली हस्तलिखितं उपलब्ध आहेत. त्यांत खाडाखोड आहे, लिहितालिहिता बदललेले सूर आहेत. काही पानांच्या तळाशी पुढच्या पानावर काय येणार त्याची दोन-चार सुरांची खूण केलेली दिसते, कारण शाई वाळेपर्यंत पान उलटता येत नव्हतं आणि सुचलेलं तेवढ्यात निसटू द्यायचं नव्हतं. घाईची इतकी स्पष्ट खूण दुसरी कुठली असणार?

आणि या घाईत काय जन्मलं? जगभर लग्नसमारंभांत वाजणारी, पाश्चात्त्य संगीताशी काहीच संबंध नसलेल्यांनीही कुठंतरी ऐकलेली बाखची एक शांत, तरंगत पुढं जाणारी सुरावट आहे. ती ज्या कँटाटात आहे ती २ जुलै १७२३ला सादर झाली, म्हणजे नोकरीवर रुजू होऊन महिना-सव्वा महिना झाला तेव्हा. पुढच्या वर्षी ७ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, त्यानं सेंट जॉनच्या शुभवर्तमानावरचं प्रचंड ‘पॅशन’ उभं केलं. १७२४च्या जूनपासून तर त्यानं स्वतःलाच आणखी कडक नियम घातला. दर आठवड्याची कँटाटा चर्चमधल्या एखाद्या जुन्या, लोकांच्या तोंडी असलेल्या स्तोत्रावर बांधायची. अशा चाळीसेक कँटाटा त्यानं मार्च १७२५पर्यंत ओळीनं लिहिल्या. त्यांतल्या कितीतरी आज त्याच्या उत्कृष्ट रचनांत धरल्या जातात.

हे कसं जमलं, याचं उत्तर प्रतिभा असं देऊन मोकळं होता येतं. प्रतिभा होतीच, पण तेवढ्यानं दर शनिवारची तालीम होत नाही. लाइप्झिगला आला तेव्हा बाख अडतीस वर्षांचा होता आणि त्याच्या गाठीला वीस वर्षांचं काम होतं. वायमारच्या दरबारात असताना लिहिलेल्या कँटाटा त्यानं पहिल्या वर्षी बाहेर काढल्या, डागडुजी केली, नवी प्रकरणं जोडली. वर सांगितलेली ती प्रसिद्ध कँटाटासुद्धा वायमारमध्ये सुरू केलेल्या रचनेचा वाढवलेला अवतार आहे. शब्द दुसऱ्यांचे असायचे. कागद उतरवायला हात होते. शिवाय ख्रिसमसच्या आधीचे काही रविवार आणि ईस्टरच्या आधीचे उपवासाचे आठवडे लाइप्झिगच्या चर्चमध्ये असं संगीत बंद असायचं. ते ‘पॅशन’ नेमकं उपवासाच्या त्या शांत आठवड्यांच्या शेवटी आलं. वेग होता, पण त्या वेगाला पंचांगानंच विश्रांती नेमून दिली होती.

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट यानंतर घडली. बाखनं हात आखडता घेतला. स्तोत्रांची ती माळ १७२५च्या वसंतात थांबली. शब्द लिहून देणारा गेला असावा असा अभ्यासकांचा कयास आहे. १७२६मध्ये त्यानं मायनिंगनच्या आपल्या नातलगाच्या, योहान लुडविग बाखच्या, अठरा कँटाटा चर्चमध्ये सादर केल्या. म्हणजे इतके रविवार दुसऱ्याचं संगीत! नंतर तो विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदाकडे वळला, आणि जुन्या रचना पुन्हा वाजवू लागला. नोकरी तीच, चर्च तेच, रविवार तसेच येत होते; पण प्रत्येक रविवारी नवं देण्याची सक्ती त्यानं स्वतःवरून काढून घेतली. १७३४च्या ख्रिसमससाठी मोठी रचना हवी होती तेव्हा त्यानं राजघराण्यातल्या वाढदिवसांसाठी लिहिलेलं संगीत घेतलं, त्यावर नवे शब्द बसवले आणि ‘ख्रिसमस ओरॅटोरिओ’ तयार केला. आयुष्याच्या अखेरीस बी मायनर ‘मास’ जुळवताना तर त्यानं १७१४च्या एका कँटाटातलं प्रकरण घेतलं. पस्तीस वर्षं जुनं! इतकं लिहून ठेवलं होतं म्हणूनच त्याला त्यातून इतकं काटेकोर निवडता आलं.

टेलेमान मात्र थांबला नाही. तो हॅम्बुर्गच्या पाच मुख्य चर्चचं संगीत बघायचा, ऑपेरा चालवायचा, स्वतःच्या रचना स्वतः छापून विकायचा, आणि १७६७मध्ये शहाऐंशी वर्षांचा होऊन वारला तोवर लिहीत राहिला. जिवंतपणी त्याची कीर्ती बाखपेक्षा मोठी होती. एकोणिसाव्या शतकात पारडं फिरलं आणि ‘भाराभर लिहिणारा’ हे त्याच्यावरचं दूषण झालं. या दूषणात किती तथ्य होतं? बाखचे दोन मोठे चरित्रकार, फिलिप श्पिटा आणि अल्बर्ट श्वाइट्झर, यांनी टेलेमानच्या कँटाटांना हलकं लेखलं आणि बाखच्या म्हणून काही कँटाटांची तोंडभर स्तुती केली. पुढं संशोधनात निघालं, की स्तुती केलेल्यांपैकी काही रचना टेलेमानच्याच होत्या. मला या हकिगतीचा राग येतो. त्यांचे कान उत्तम होते. कानांनी बरोबर निवाडा दिला होता. पण वर लिहिलेलं नाव आणि त्या नावामागचा आकडा त्या निवाड्यावर स्वार झाला. टेलेमाननं काही सपाट लिहिलंच नाही असं नव्हे. तीन हजारांत तसं असणारच. पण त्याचं सगळं काम ऐकून ‘सपाट’ म्हणणारा एकही टीकाकार तेव्हा असणं शक्य नव्हतं, कारण त्यातलं बरंचसं छापलेलंच नव्हतं.

डीन कीथ सायमंटन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७७मध्ये दहा पाश्चात्त्य संगीतकारांच्या आयुष्यभराच्या कामाचा वर्षांनुसार अभ्यास प्रसिद्ध केला. पुढं त्यानं शास्त्रज्ञांवर, लेखकांवरही अशीच कामं केली. त्यातून निघालेली गोष्ट साधी आहे. माणूस ज्या काळात सगळ्यांत जास्त काम करतो, त्याच काळात त्याची उत्तम कामंही सर्वाधिक होतात आणि सुमार कामंही. चांगल्या-वाइटाचं प्रमाण ढोबळमानानं तेच राहतं. यात एक दिलासा आहे, पण मला हा नियम पुरेसा वाटत नाही. तो सरासरीबद्दल बोलतो. एखाद्या माणसाचा हात अमुक वर्षी का बसला आणि तमुक वर्षी का सुटला, हे त्यातून कळत नाही.

शिवाय ‘मोजकं लिहिणारा’ म्हणून ज्याचं कौतुक होतं, तो खरंच मोजकं लिहीत असतो का? ब्राम्सची पहिली सिंफनी आली १८७६मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. आयुष्यभरात सिंफनी चारच. पण पहिला स्ट्रिंग क्वार्टेट छापण्याआधी त्यानं वीसेक क्वार्टेट लिहून फाडून टाकले, असं सांगितलं जातं. लिहिणं कमी नव्हतं, बाहेर जाऊ देणं कमी होतं. ब्राम्सला ते परवडलं, कारण त्याच्या दाराशी रविवार उभा नव्हता. रोसिनीच्या दाराशी तो नेहमीच उभा असायचा. ‘बार्बर ऑफ सेव्हिल’ त्यानं १८१६मध्ये तीन आठवड्यांच्या आत लिहिला, आणि त्याची सुरुवातीची जगप्रसिद्ध सुरावट आधीच्या दोन ऑपेरांत वापरून झालेली होती. एकोणचाळीस ऑपेरा झाल्यावर, १८२९मध्ये, त्यानं ऑपेरा लिहिणंच बंद केलं आणि पुढं जवळजवळ चाळीस वर्षं जगला.

महाराष्ट्रात दर आठवड्याला नवं गाणं देण्याचा एक प्रयोग असा झाला, की त्याची आठवण काढल्याशिवाय हा विषय पुढं नेणं मला शक्य नाही. १ एप्रिल १९५५, रामनवमीचा शुक्रवार. पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायणा’चं पहिलं गीत प्रसारित झालं. कल्पनेमागं सीताकांत लाड होते, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या, म्हणजे बाबूजींच्या. दर आठवड्याला एक नवं गीत, असं पुढच्या रामनवमीपर्यंत, १९ एप्रिल १९५६पर्यंत चाललं. बावन्न गीतांचा बेत होता. त्या वर्षी अधिकमास आला आणि गीतं छप्पन झाली.

गदिमांकडून गीत वेळेवर हातात पडेल याची खात्री नसायची. पहिल्याच गीताचा कागद हरवला आणि लाडांनी गदिमांना खोलीत बसवून ते पुन्हा लिहून घेतलं, हा किस्सा पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. गीत आलं की बाबूजींनी चाल लावायची, गायक ठरवायचा, प्रभाकर जोगांसारख्या सहकाऱ्यांबरोबर वादकांकडून बसवून घ्यायची, ध्वनिमुद्रण करायचं. तोवर पुढचा शुक्रवार दिसायला लागायचा. चाळून बघायला, बाजूला ठेवून महिन्यानं पुन्हा ऐकायला वेळ कुठला? तरी छप्पन चालींत एकही चाल दुसरीची सावली वाटत नाही. पहिल्या गीताचा भूप आणि शेवटच्याची भैरवी यांच्यामध्ये रागांचा केवढा प्रदेश पसरला आहे. प्रसंग बदलला की लय बदलते, बोलणारं पात्र बदललं की सुरांचा पोत बदलतो. कैकेयीला झिडकारणारा भरत आणि लहान भावाला समजावणारा राम यांच्या चाली एका माणसानं काही आठवड्यांच्या अंतरानं बांधल्या, यावर आजही विश्वास बसत नाही. मराठीबाहेरच्या कितीतरी भाषांत ही गीतं गेली तेव्हा शब्द बदलले, चाली त्याच ठेवाव्या लागल्या.

बाबूजी तेव्हा छत्तिसाव्या वर्षात होते. ‘प्रभात’च्या ‘गोकुळ’पासून, म्हणजे १९४६पासून, चित्रपटांच्या चाली लावण्याचा सराव होता. शास्त्रीय संगीताची बैठक होती. गोष्ट सगळ्यांना ठाऊक असलेली होती, त्यामुळं पुढं काय येणार हा प्रश्न नव्हता. कसं येणार एवढाच होता. आणि हे कधी संपणार हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. रामनवमी ते रामनवमी. मला वाटतं, बाबूजींच्या बाबतीत आठवड्याच्या मुदतीनं काही बिघडवलं नाही, उलट धार लावली. कारण त्या मुदतींच्या रांगेला शेवट होता. वर्षभर जीव ओतायचा आणि मग थांबायचं. हाच रतीब दहा वर्षं चालवायचा असता, तर कुठल्याही संगीतकाराच्या चाली एकमेकींसारख्या व्हायला लागल्या असत्या.

हिंदी चित्रपटसंगीतात असा शेवट नव्हता. तिथली गोष्ट लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांची. १९६३च्या ‘पारसमणि’पासून पस्तीस वर्षांत त्यांनी सुमारे पाचशे चित्रपटांना संगीत दिलं. वर्षाला चौदा. चित्रपटामागं पाच गाणी धरली तरी वर्षाला सत्तर, म्हणजे आठवड्याला एकाहून जास्त, आणि हे पस्तीस वर्षं सलग. लाइप्झिगच्या बाखलाही हे झेपलं नव्हतं.

गाठीला काय होतं ते आधी बघू. लक्ष्मीकांत कुडाळकर मेंडोलिन वाजवायचे. प्यारेलालांचे वडील रामप्रसाद शर्मा नावाजलेले ट्रम्पेटवादक. प्यारेलाल लहानपणापासून व्हायोलिनवर, आणि गुरू गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. दोघांनी उमेदवारीची वर्षं दुसऱ्यांच्या वाद्यवृंदांत वादक म्हणून काढली, मग कल्याणजी-आनंदजींकडे सहायक म्हणून. स्वतःचं नाव पडद्यावर लागलं तेव्हा मुंबईतल्या प्रत्येक स्टुडिओची खोली, प्रत्येक वादकाचा हात त्यांना ठाऊक होता. ढोबळमानानं चाली लक्ष्मीकांतांच्या आणि वाद्यरचना प्यारेलालांची असं म्हणतात, पण दोघंही दोन्ही करू शकत. शब्दांना आनंद बक्षींसारखा झरझर लिहिणारा कवी. त्यांच्याबरोबरच त्यांचे तीनशेच्या आसपास चित्रपट झाले. आणि प्यारेलालांनी लिहिलेलं नोटेशन समोर ठेवताच वाजवणारे वादक, ज्यांत गोव्याचे कितीतरी. गावोगावच्या चर्चच्या शाळांत सूर वाचायला शिकलेल्या या वादकांशिवाय हा वेग शक्यच नव्हता. त्यांची नावं श्रेयनामावलीत क्वचित आली, याची खंत वाटते.

एक १९६७चं वर्ष घ्या. ‘मिलन’, ‘फर्ज़’, ‘शागिर्द’, ‘पत्थर के सनम’, ‘अनिता’. आणि यादी इथं संपत नाही. यांतल्या प्रत्येक चित्रपटातली गाणी अजून ऐकली जातात. या पहिल्या दशकाला पाट्या टाकणं म्हणणाऱ्यानं ‘मिलन’ पुन्हा ऐकावा.

पुढं हात सैल झाला, हेही खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. सत्तरीच्या उत्तरार्धात आणि ऐंशीच्या दशकात त्यांच्या नावावर अशी शेकडो गाणी आहेत, ज्यांत ढोलकीचा तोच ठेका, व्हायोलिनचा तोच उसळता झोत, तोच साचा. मारधाडपटांना गाणी नावापुरती लागत होती आणि निर्मात्यांना त्यांचं नाव हवं होतं. नाही म्हणणारं कुणी नव्हतं, आणि येणाऱ्या प्रत्येकाला होकार मिळत होता. मला इथं दोष वेगाचा वाटत नाही. १९६७चा वेगही तोच होता. पण तेव्हा प्रत्येक चित्रपटात त्यांना स्वतःला सिद्ध करायचं होतं. नंतर मागणारा जेवढं मागेल तेवढंच दिलं जाऊ लागलं.

याचा पुरावा त्याच वर्षांत सापडतो. मागणारा जबर असला की तेच दोघं वेगळं वाजवतात. राज कपूरनं ‘बॉबी’साठी १९७३मध्ये त्यांना घेतलं, मग ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’. के. विश्वनाथांचा १९७९चा ‘सरगम’, बालचंदरांचा १९८१चा ‘एक दूजे के लिए’. १९७७ ते १९८० सलग चार वर्षांच्या चित्रपटांसाठी फिल्मफेअर त्यांना मिळालं. १९८४मध्ये गिरीश कर्नाडांनी ‘मृच्छकटिका’वर ‘उत्सव’ काढला. त्यात नेहमीचा दणका चालणारच नव्हता. तिथलं संगीत हलकं, मोकळं, रागांच्या अंगानं जाणारं आहे. लता आणि आशा यांचं द्वंद्वगीत ऐकताना हे संगीतकार त्या सुमारास मारधाडपटांचीही गाणी करत होते हे मनात येत नाही. पुढच्याच वर्षी ‘सुर संगम’, पुन्हा विश्वनाथांचा, ज्यात राजन-साजन मिश्र गायले. ज्ञान कुठं गेलं नव्हतं, कानही गेला नव्हता.

लक्ष्मीकांत २५ मे १९९८ला गेले आणि जोडीचं काम तिथंच थांबलं. २०२४मध्ये प्यारेलालांना पद्मभूषण मिळालं. त्यांच्याबद्दल जे बोललं जातं ते मात्र अजून पाच-पन्नास गाजलेल्या चित्रपटांभोवतीच फिरतं. १९६४च्या ‘सती सावित्री’ आणि ‘संत ज्ञानेश्वर’ या चित्रपटांतली गाणी ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना ठाऊक आहे की न गाजलेल्या, फारशा न पाहिल्या जाणाऱ्या पौराणिक आणि संतपटांतही त्यांनी किती मन लावून काम केलं होतं. नंतरच्या शेकडो चित्रपटांत, एखाद्या पडेल चित्रपटाच्या चौथ्या-पाचव्या गाण्यात, असं आणखी काय पडून आहे हे कुणीतरी चिकाटीनं, नाव आणि आकडा बाजूला ठेवून, एकेक करून ऐकायला हवं.